काना केव्हा शिकवायचा? वाचन शिकवण्याविषयी वाचकांचे प्रश्न

शिक्षकाने कोणतं वाक्य बोलायचं, बोट कुठे ठेवायचं, मूल चुकलं तर काय म्हणायचं हे सगळं आधीच लिहून ठेवलेले पाठ, म्हणजे ‘डायरेक्ट इन्स्ट्रक्शन’ पद्धत, याविषयी आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

मुलगी सहा वर्षांची, मराठी शाळेत पहिलीत आहे. मुळाक्षरं ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत धडाधड म्हणते. पण ‘मासा’ लिहून दिला की ‘म… आ… स…’ करत अडकते. लिखित पाठांची पद्धत मराठीला चालेल का? घरी कसं करायचं?
*– एक आई, चिपळूण*

चालेल, पण इंग्रजी पाठ जसेच्या तसे मराठीत आणले तर फसेल. ही पद्धत अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ झीगफ्रीड एंगलमन यांची. १९६०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात कार्ल बेरायटर यांच्यासोबत त्यांनी गरीब घरांतल्या लहान मुलांसाठी असे पाठ बांधले आणि १९६९ मध्ये ते ‘डिस्टार’ नावाने छापले गेले. त्यामागचं सूत्र सरळ आहे. मूल चुकलं की आधी शिकवण्यात खोट शोधायची: सूचनेचे दोन अर्थ निघत होते का, एका वेळी दोन नव्या गोष्टी समोर आल्या का, मागची पायरी कच्ची राहिली का.

हेच तुमच्या मुलीला लावून पाहा. तिला ‘म’ वेगळा शिकवला, ‘आ’ वेगळा शिकवला आणि मग काना म्हणजे ‘आ’ असं सांगितलं. तिने दिलेलं उत्तर या शिकवण्याशी तंतोतंत जुळतं! इंग्रजीत एकेक आवाज सुटा लिहिला जातो, म्हणून तिथे सुटे आवाज जोडायला शिकवतात. देवनागरीत ‘मा’ हे एकच अक्षर आहे आणि त्याचा एकच उच्चार आहे. तेव्हा सुटं करून शिकवायचा घटक ‘मा’ हाच. इंग्रजी पाठांत शब्दाखाली बाण काढून प्रत्येक आवाजाखाली ठिपका देतात. मराठीत ठिपका प्रत्येक अक्षराखाली द्यायचा. ‘मासा’खाली दोन ठिपके, ‘किडा’खालीही दोनच. याने ऱ्हस्व वेलांटीचा घोळही मिटतो. ती लिहायची डावीकडे आणि उच्चारायची नंतर, त्यामुळे एकेका खुणेवर बोट सरकवणारं मूल ‘इ-क’ म्हणतं. ठिपक्यावर थांबणारं मूल ‘कि’ म्हणतं.

आता क्रम. सगळी व्यंजनं संपेपर्यंत काना थांबवून ठेवणं ही आपल्याकडची सर्वांत महागात पडणारी सवय. तोवर मुलाला वाचायला धड शब्दच मिळत नाहीत. म, न, स, र, क ही पाच पक्की झाली की लगेच काना घ्या. तेवढ्या सामानात मामा, काका, नाना, मासा, कान, नाक, मान, राम, सारस, सामान असे घरातले शब्द तयार होतात. मग ल, प, त, ब. त्यानंतर दीर्घ वेलांटी, कारण ती उजवीकडे येते आणि ‘मी’, ‘पी’, ‘काकी’, ‘पाती’ लगेच वाचता येतात. मग मात्रा, दीर्घ उकार, काना-मात्रा. ऱ्हस्व वेलांटी-उकार त्यानंतर. अनुस्वार त्याहून पुढे. आठवड्याला नवीन अक्षरं दोन, फार तर तीन.

रोजची बैठक २० मिनिटांची, त्याहून लांबवू नका. पहिली ३-४ मिनिटं कागदाशिवाय. तुम्ही “माऽऽसाऽऽ” असं ताणून म्हणायचं, मग “पटकन म्हण”, आणि तिने “मासा” म्हणायचं. अक्षरं येतात पण शब्द जुळत नाही अशा बहुतेक मुलांचं घोडं इथेच अडलेलं असतं आणि त्याचा डोळ्यांनी पाहण्याशी संबंध नसतो. पुढची ५ मिनिटं अक्षरं: एक नवं, पाच-सहा जुनी, मिसळून. उरलेला वेळ शब्द आणि शेवटी एखादं वाक्य.

शब्द वाचायचा पाठ साधारण असा होतो:

“मी वाचते.” (पहिल्या ठिपक्यावर बोट) “माऽऽ” (श्वास न तोडता दुसऱ्यावर) “साऽऽ.”
“आता दोघी मिळून.” – “माऽऽसाऽऽ.”
“आता तू.” – “माऽऽसाऽऽ.”
“पटकन म्हण.” – “मासा!”
“काय वाचलंस?” – “मासा.”

श्वास न तोडणं ही यातली कळीची गोष्ट. ‘मा’ म्हणून मधे थांबलं की दोन तुकडे पडतात आणि ‘पटकन म्हण’ म्हटल्यावर मुलं शेवटचा तुकडाच सांगतात: “सा!” शेवटचं अक्षर बिनकान्याचं असेल तिथे ‘पटकन म्हण’ आणखी एक काम करतं. ताणून वाचताना ‘नाऽऽकऽऽ’ होतं, पटकन म्हणताना शेवटचा ‘अ’ आपसूक गळतो, कारण ‘नाक’ हा शब्द तिच्या कानाला ठाऊक आहे. ‘सरकार’, ‘करवत’ यांत मधलाही ‘अ’ गळतो, म्हणून चार अक्षरी शब्द उशिरा घ्या.

आता चूक. ‘मा’ला ती ‘म’ म्हणाली तर त्याच क्षणी थांबवा, शब्द पुरा होण्याची वाट पाहू नका. “हे मा. कोणतं?” – “मा.” “पुन्हा पहिल्यापासून.” शब्द पुन्हा पूर्ण वाचून घ्या. दोन शब्द पुढे जा आणि परत ‘मासा’वर या. बैठक संपताना एकदा, दुसऱ्या दिवशी सुरुवातीला एकदा. ही परतफेरी गाळली तर दुरुस्ती दोन मिनिटंच टिकते, आणि घाईत नेमकी तीच गाळली जाते. “नीट बघ”, “आठव बरं”, “काल तर येत होतं” ही वाक्यं पाठात कुठेच नसतात, कारण त्यांतून मुलाला काहीच कळत नाही. “हे म नाही, मा आहे” असंही म्हणू नका. कानावर दोन्ही पडतात आणि कोणतं धरायचं ते कळत नाही.

चित्र असेल तर ते वाचून झाल्यावर, पान उलटून. आधी दिसलं तर ती मासा न वाचता मासा ओळखेल.

मुलगा घ-ध आणि भ-म यांत गोंधळतो. रोज दोन्ही शेजारी लिहून फरक समजावतो, तरी उपयोग नाही.
*– वाचक, परभणी*

शेजारी लिहिणं बंद करा. दिसायला सारखी अक्षरं एका आठवड्यात कधीच आणायची नाहीत. आधी एक (म, घ) इतकं पक्कं करायचं की मूल विचार न करता सांगेल, आणि निदान तीन-चार आठवड्यांनी दुसरं. घ-ध, भ-म, थ-य, प-ष, ब-व, ट-ठ-ढ या जोड्यांना हे लागू आहे. ‘ख’ला मुलं ‘रव’ वाचतात, म्हणून तो ‘र’ आणि ‘व’ या दोन्हींपासून लांब ठेवा. गोंधळ आधीच झाला असेल तर जोडीतलं एक अक्षर दोन आठवडे पूर्ण बाजूला काढा, त्याचे शब्दसुद्धा, आणि नंतर नवं असल्यासारखं शिकवा.

याच प्रकारातला एक मराठी पेच ‘च’ आणि ‘ज’चा. ‘चारा’तला च वेगळा, ‘चार’मधला वेगळा. ‘जग’ हा शब्द तर अर्थानुसार दोन्ही तऱ्हांनी म्हणतात. सुरुवातीला एकच उच्चार घ्या (चाक, चोर, चूल) आणि तेवढेच शब्द द्या. ‘चिमणी’ आली की दुसरा सांगा. तोवर दोन उच्चारांची वाच्यताही करू नका.

आमची द्विशिक्षकी शाळा आहे. पहिली-दुसरी मिळून २८ मुलं, बहुतेकांची घरची बोली वारली. लिहिलेले पाठ वाचून शिकवलं तर शिक्षक म्हणजे यंत्र होतो, असं सहकारी म्हणतात.
*– शिक्षक, जव्हार*

तुमच्या वर्गात लिखित पाठाचा फायदा इतरांपेक्षा जास्त आहे, आणि तो मुलांच्या बोलीमुळेच. आपण एकच गोष्ट दहा प्रकारे विचारतो: हे काय आहे, ओळखा पाहू, याला काय म्हणतात, सांगा बरं कोणी. प्रमाण मराठी परकी असलेल्या मुलाची अर्धी शक्ती प्रश्न समजून घेण्यात जाते. पाठात चारच सूचना असतात आणि त्या कधी बदलत नाहीत: ‘हे अमुक’, ‘कोणतं?’, ‘ताणून वाचा’, ‘पटकन म्हणा’. त्यांचा अर्थ पहिल्याच दिवशी वारलीत सांगून टाका. पहिले शब्दही मुलांच्या बोलण्यातले निवडा. जो शब्द कानाला माहीत नाही तो ‘पटकन म्हणा’ने कधीच जुळत नाही.

२८ जणांना एकत्र शिकवू नका. प्रत्येकाला दोन मिनिटं एकटं बसवून दहा बिनकान्याची अक्षरं, दहा काना-वेलांटीची, पाच शब्द आणि एक वाक्य दाखवा. इयत्ता विसरून तीन गट पाडा, सर्वांत कच्चा गट सर्वांत लहान: समजा ६, १० आणि १२. प्रत्येक गटाला २५ मिनिटं. अर्धवर्तुळात बसवा, अडखळणारी मुलं मधोमध, तुमच्या हाताच्या अंतरावर. बाकीच्या गटांना त्या वेळात आधी येत असलेलंच काम द्या: काल वाचलेले शब्द लिहिणं, वाक्य वाचून चित्र काढणं. नवं काही दिलं की पाच मिनिटांत सगळे तुमच्याभोवती येतील. महिन्याने पुन्हा तपासा आणि मुलं हलवा. गट वर्षभर तसेच राहिले तर त्यांचं ‘ढ बाक’ होतं.

उत्तर सगळ्यांनी एका सुरात द्यायचं, त्यासाठी इशारा लागतो. बोट अक्षरापाशी न्या, “कोणतं?” विचारा, एक क्षण थांबा, मग बोट टेकवा, आणि टेकताच सगळे. तो एक क्षण विचार करायला असतो. तो दिला नाही तर हुशार दोघंच बोलतात आणि बाकीचे त्यांच्या मागोमाग म्हणतात. ऐकताना सूर एक वाटतो, पण काही आवाज किंचित उशिरा येत असतात. ते उशिरा येणारे आवाज म्हणजे न येणारी मुलं. तोंडाकडे नीट बघा. दुसरी गळती शिक्षकाकडून होते. मुलांबरोबर आपलेही ओठ हलतात आणि मुलं अक्षर सोडून ओठ वाचतात. सामूहिक उत्तर पक्कं झालं की दोघा-तिघांना एकेकटं विचारा, कच्च्यांना जास्त वेळा.

पाठ योग्य पातळीचा आहे का, याचं एंगलमन यांचं माप तुम्हाला उपयोगी पडेल. नव्या गोष्टीत पहिल्याच प्रयत्नात निदान ७० टक्के उत्तरं बरोबर यावीत, आधी शिकवलेल्यात ९० टक्के, आणि पाठ संपताना जवळपास सगळी. नव्यात निम्मी चुकत असतील तर मुलांना रागावून काही होणार नाही. चार-पाच पाठ मागे जा.

आता यंत्राचं. ओळी लिहिलेल्या असल्या तरी कोणत्या मुलाने कोणतं अक्षर चुकवलं, आता थांबायचं की पुढे जायचं, वेग वाढवायचा का, हे दर मिनिटाला शिक्षकच ठरवतो. वाक्य शोधण्यातून सुटलेलं डोकं मुलांकडे लावायचं असतं. मात्र सहकाऱ्यांच्या तक्रारीत तथ्य आहे अशी एक जागा आहे: वरून नुसती पुस्तिका येते आणि पाठोपाठ तपासनीस येतो. केनियात २०१५ पासून सरकारी शाळांत राबवलेल्या ‘तुसोमे’ कार्यक्रमात रोजच्या पाठाच्या पुस्तिकेबरोबर प्रत्येक मुलाच्या हातात स्वतःचं पुस्तक होतं, आणि वर्गात बसून पाहणारा, मग बोलणारा मार्गदर्शकही होता. यातलं पहिलंच उचलून बाकीचं सोडलं तर पुस्तिका कपाटात जाते.

ज्ञानरचनावाद सांगतो की मूल स्वतः शिकतं. मग हे म्हणजे पुन्हा घोकंपट्टीच ना? अशी मुलं वाचतील, पण समजून वाचतील का?
*– निवृत्त मुख्याध्यापक, सांगली*

घोकंपट्टीत मूल पाठ केलेलंच म्हणू शकतं. इथली कसोटी नेमकी उलटी आहे: कधीच न पाहिलेला शब्द वाचता यायला हवा. ‘सामान’ आणि ‘कान’ शिकवल्यावर न शिकवलेलं ‘मकान’ वाचता आलं नाही तर पाठ फसला. लेखी खुणा आणि आवाज यांचं नातं माणसांनी ठरवलेलं आहे. ‘क’ला ‘क’ का म्हणायचं हे मूल निरीक्षणातून शोधून काढू शकत नाही, कोणीतरी सांगावंच लागतं. बी रुजवून पाहणं, बाजार मांडणं, गोष्ट पुढे नेणं इथे रचनावादाला भरपूर जागा आहे. दिवसातली २५ मिनिटं पाठाला दिल्याने ती जात नाही.

पुराव्याबद्दलही विचारलं जातं. अमेरिकेत १९६८ पासून ‘फॉलो थ्रू’ या मोठ्या सरकारी प्रकल्पात गरीब वस्त्यांतल्या बालवाडी ते तिसरीच्या मुलांवर वेगवेगळ्या पद्धती शेजारी शेजारी चालवून पाहिल्या. १९७७च्या अहवालात मूलभूत कौशल्यांत डायरेक्ट इन्स्ट्रक्शन सरासरीने सर्वांत वर होती, आणि मुलांच्या स्वतःबद्दलच्या विश्वासाच्या मोजमापातही मागे नव्हती. पुढच्याच वर्षी शैक्षणिक मूल्यमापनाचे अभ्यासक अर्नेस्ट हाउस आणि सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला की चाचण्या याच पद्धतीला सोयीच्या होत्या, आणि एकाच पद्धतीच्या दोन गावांतला फरक दोन पद्धतींतल्या फरकाहून मोठा होता. हा दुसरा आक्षेप वजनदार आहे. पाठ कोणी, किती नेटाने चालवले यावर फार काही ठरतं.

आकलनाची तुमची शंका मात्र रास्त. हे पाठ शब्दसंपत्ती देत नाहीत; मासा-काका-नाकातून ती येणार कुठून? म्हणून पहिल्या दिवसापासून रोज १५ मिनिटं मोठ्या माणसाने गोष्ट वाचून दाखवायची, मुलाच्या वाचनाच्या पातळीहून कितीतरी वरची. आणि ठिपके, ताणणं, इशारा हे सगळं कुबड्यांसारखं वेळेवर सोडायचं. मूल ताणून अचूक वाचू लागलं की “मनात ताण, मोठ्याने पटकन म्हण”, मग थेट वाचन. ठिपके त्याच सुमारास काढून टाका. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाच्या उद्दिष्टांत दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीअखेर किमान ६० अशी गती दिली आहे. ती पहिलीतच गाठायला घड्याळ लावून बसू नये.

मुलगा इंग्रजी माध्यमात आहे, आम्ही दोघंही मराठी माध्यमातले. याच पद्धतीचं शंभर धड्यांचं अमेरिकन पुस्तक मागवलं आहे. आमच्या उच्चारांनी बिघडेल का?
*– पालक, पिंपरी*

१९८३ साली पालकांसाठी काढलेलं ते पुस्तक तुम्हाला जमण्यासारखं आहे. दिवसाला एक धडा, साधारण २० मिनिटं. उच्चारांत एकच गोष्ट खरोखर आड येते: आपण प्रत्येक व्यंजनाला ‘अ’ चिकटवतो. ‘बी’चा आवाज ‘ब’ सांगितला की मूल ‘बॅट’ला ‘बअ-ॲ-टअ’ जुळवत बसतं. आवाज पाय मोडून म्हणा: ब्, ट्. यासाठीच तिथे पहिले आवाज ताणता येणारे घेतात, एम आणि एस: ‘म्‌म्‌म्’, ‘स्‌स्‌स्’. ट् सुरुवातीच्या शब्दांत शेवटी येतो (मॅट, सॅट), कारण तो ताणता येत नाही आणि पुढच्या आवाजात पटकन मिसळावा लागतो.

डब्ल्यू आणि व्ही दोन्हींना ‘व’ म्हटलंत तर वाचन अडत नाही, स्पेलिंगमध्ये पुढे थोडं घोटाळेल. ‘हॉट’ला अमेरिकन धर्तीवर ‘हाट’ शिकवू नका. शाळेत ऐकतो तोच उच्चार ठेवा. त्या पुस्तकात दीर्घ स्वरांवर आडवी रेघ आणि न उच्चारायची अक्षरं बारीक छापलेली असतात. ते पाहून शाळेच्या पुस्तकाशी ताळमेळ बसत नाही अशी भीती वाटते, पण पुढच्या धड्यांत ती सोय काढून घेतात. ‘वॉज’सारखे नियमाबाहेरचे शब्दही आधी लिहिल्याप्रमाणे, ‘वॅस’, असे जुळवून घेतात आणि मग सांगतात की आपण म्हणतो ‘वॉज’. ही पायरी विचित्र वाटली तरी गाळू नका. गाळली की मूल प्रत्येक शब्द अंदाजाने सांगायला लागतं.

मुलं ८ आणि १० वर्षांची, न्यू जर्सीत वाढलेली. इंग्रजी उत्तम वाचतात, मराठी समजतं. रविवारी तासभर मराठी शाळा असते, पण दर वेळी मागचं विसरलेलं असतं.
*– पालक, न्यू जर्सी*

आठवड्याला ६० मिनिटांपेक्षा रोज १० मिनिटं बरी. रविवारचा तास नव्या अक्षरांना, घरची १० मिनिटं निव्वळ उजळणीला. शब्द जुळवणं म्हणजे काय हे तुमच्या मुलांना इंग्रजीमुळे माहीत आहे, म्हणून तो भाग सोडा आणि वर दिलेल्या क्रमाने आठवड्याला चार-पाच अक्षरं घ्या. त्यांचा अडथळा कानाचा असतो. ब-भ, द-ध, त-ट, ल-ळ यांतला फरक ऐकूच येत नाही, मग अक्षर वेगळं का हे पटत नाही. कागद घेण्याआधी नुसतं ऐकवा: बात, भात, दार, धार, काल, काळ. “सारखे की वेगळे?” दहापैकी नऊ बरोबर आले की मग अक्षर.

चौथीतला मुलगा बाकी छान वाचतो, पण ‘सूर्य’ला ‘सुयर’ म्हणतो. रफार कसा समजवावा?
*– वाचक, म्हापसा*

खूण पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि उच्चार त्याच्या आधी, म्हणून ही चूक होते. ‘वर्ग’ लिहा, बोट आधी रफारावर टेकवा, मग ‘ग’वर, आणि वाक्य एकच ठेवा: “डोक्यावरचा र आधी.” अर्धा, सर्व, गर्दी, पर्वत, सूर्य असे रोज आठ-दहा शब्द, आठवडाभर. त्या काळात प्र, क्र, ग्र आणि ट्र, ड्र यांना हातही लावू नका. तिथे र नंतर येतो आणि दोन्ही नियम एकमेकांना खोडतात. रफार पक्का झाल्यावर दोन आठवड्यांनी ते घ्या (चक्र, ग्रह, ट्रक). ‘दऱ्या’तला ऱ्य सर्वांत शेवटी, तोही ‘दर्या’च्या शेजारी न मांडता: आधी दऱ्या, सुऱ्या, पायऱ्या, दोऱ्या असे नुसते अनेकवचनी शब्द, कारण दरी-दऱ्या, पायरी-पायऱ्या हे त्याच्या तोंडात बसलेलं आहे.